पांढऱ्या पोवळ्यांचे तांबूस फोटो

फोटोत पोवळं तांबूस होतं. तातूमामाने समुद्रातून वर आणलेला त्याच पोवळ्याचा तुकडा मात्र मिठासारखा पांढरा होता. असं कसं झालं?

मालवणच्या समुद्रात पोवळ्यांची रोपवाटिका सुरू झाली होती. पाण्याखाली तरंगणाऱ्या चौकटींना पोवळ्यांची लहान रोपं बांधलेली असत. खेकड्यासारखी चालणारी कुर्ली ही यंत्रमानव रोज खाली जाऊन त्यांचे फोटो काढी. बारा वर्षांची शलाका ते फोटो संगणकावर नीट करून मनोहर आजोबांना देई. आजोबा समुद्रशास्त्रज्ञ होते. कुर्लीचा कॅमेरा आणि फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर निवडायचं कामही त्यांनी आपल्या या नातीवर सोपवलं होतं.

"पाणी तापलाय म्हणान मी कधीपासून सांगतंय," तातूमामा आजोबांसमोर तसाच निथळत उभा होता. रोपवाटिकेतला तो पाणबुड्या. "तुम्ही म्हणालात, थांब, फोटोत सगळा बरा दिसता. ह्या कुर्लीचो डोळोच फुटलो आसा. भंगारात घाला तिका!"

"माझा कॅमेरा सकाळीच तपासला," कुर्ली म्हणाली. "दोष नाही."

"गप ऱ्हव गो! तुका कोणी विचारला?"

आजोबांनी संगणकात मूळ फोटो शोधले, तर एकही सापडला नाही. त्यांनी विचारलं, "कुर्ली, मूळ फोटो साठवायचे नाहीत, ही सूचना तुला कोणी दिली?"

कुर्ली काही बोलेना. तिला गप्प राहायला सांगितलं होतं आणि ती सांगितलेलं तंतोतंत पाळी.

शलाकाचे कान तापले. आत्ता आपण बोललो नाही तर कुर्ली भंगारात जाईल आणि विषय मिटेल, हे तिला कळत होतं. असा विचार आपल्या मनात आला याचीच तिला जास्त लाज वाटली.

"मी दिली," ती खाली बघत म्हणाली. "मूळ फोटो निळेहिरवे, मळकट दिसायचे. फाईली जड असायच्या. म्हणून मी आपोआप रंग भरणारं सॉफ्टवेअर घेतलं. शाळेच्या प्रदर्शनात सगळ्यांना ते फोटो आवडले, मग मी मूळ फोटो ठेवणंच बंद केलं."

तातूमामा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पांढरा तुकडा तिच्यासमोर ठेवला आणि तो बाहेर गेला.

"चल धक्क्यावर," आजोबा म्हणाले. "कुर्ली, तूही चल. आणि बोल आता."

"आभारी आहे," कुर्ली म्हणाली. "डोळा फुटलेला नाही."

शलाकाला हसू आलं नाही.

आजोबांनी कुर्लीच्या पायाला लाल फडका बांधून तिला पाण्यात सोडलं. ती खोल जाऊ लागली तसा तिच्या कॅमेऱ्यातलं न सुधारलेलं दृश्य दाखवणाऱ्या पडद्यावर लाल फडका तपकिरी झाला, मग जवळजवळ काळा.

"लाल रंग कुठे गेला?"

"सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात," आजोबा म्हणाले. "त्यातला लाल पाणी सर्वांत आधी शोषून घेतं. खाली लाल प्रकाश पोचलाच नाही, तर तो फडक्यावरून परत काय येणार?"

"मग सॉफ्टवेअर लाल रंग आणतं कुठून?"

"अंदाजाने. त्याला निरोगी पोवळ्यांचे हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. पोवळं दिसलं की ते म्हणतं, हे तांबूस असणार. पाणी तापल्यावर पोवळ्याच्या अंगातली, त्याला रंग आणि अन्न देणारी सूक्ष्म, तपकिरी शैवालं निघून जातात आणि ते पांढरं पडतं. याला विरंजन (रंग उडणं) म्हणतात. नेमकं तेच आपल्याला बघायचं होतं."

"आणि मी तेच झाकलं."

आजोबांनी होकारार्थी मान डोलावली. मग ते म्हणाले, "मी तुला कॅमेरा निवड म्हणालो. फोटो कशासाठी हवाय, ते सांगितलंच नाही. प्रदर्शनासाठी तुझी निवड चांगली होती. आपल्याला मोठा संवेदक (प्रकाश टिपणारी पट्टी) असलेला कॅमेरा हवा, म्हणजे अंधुक उजेडातही तपशील मिळेल. कच्ची फाईल (संवेदकाने टिपलेल्या प्रकाशाची न बदललेली नोंद) ठेवता यायला हवी. आणि सॉफ्टवेअर असं हवं, की मूळ फाईलला ते हात लावणार नाही."

"पण रंग किती बदलायचा, हे कसं कळणार?"

"फोटोत एक राखाडी पाटी ठेवायची. तिचा खरा रंग आपल्याला ठाऊक असतो. पाटी राखाडी दिसेपर्यंत फोटोचा रंग बदलायचा. मग पोवळ्याचा रंगही खऱ्याच्या जवळ येतो."

"रोपं मेली का, आजोबा?"

"विरंजन म्हणजे मरण नाही. पाणी लवकर गार मिळालं तर शैवालं परत येऊ शकतात."

त्याच दुपारी तातूमामाने चौकटींच्या दोऱ्या सैल करून रोपं खोल, गार पाण्यात उतरवली. वरच्या चौकटीवरची रोपं तोवर मेली होती. ती सोडवून काढायला शलाका स्वतः होडीत बसली. मामा तिच्याशी बोलला नाही, पण कात्री त्याने तिच्याच हातात दिली.

त्यानंतर तिने कुर्लीसाठी नवा कॅमेरा निवडला, चौकटीवर राखाडी पाटी लावली आणि रोज कच्च्या फाईली तपासल्या. फोटो मळकट असत आणि पोवळी पांढरीच. काही आठवड्यांनी एका रोपाच्या बुंध्याशी तिला फिकट तपकिरी छटा दिसली. तिने राखाडी पाटीवरून रंग पुन्हा जुळवून पाहिला. छटा तिथेच होती. मूळ फाईल सोबत घेऊन ती तातूमामाकडे धावली.

मामा पडद्याजवळ वाकला. "ह्यात तुझो रंग किती?"

"माझा काहीच नाही, मामा. हा पोवळ्याचाच आहे."

"मगे होडी काढतंय," तो उठत म्हणाला. "चल, खाली जाऊन बघूया."