धुराच्या खोलीतला दोर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, जेफ्रीच्या बाबतीत घडलं. मालाडला त्याच्या घरच्या ओट्यावर बसून त्यानं ते मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. जानेवारी २०२३, गुरुवार, सकाळचे सव्वाअकरा. बाहेर लख्ख ऊन होतं.

जेफ्री नौदलात आहे. तिथे माणूस शाळेतून कधी सुटतच नाही. भरती झालात, शिका. जहाजावर जायचंय, शिका. बढती हवी, पुन्हा बाकावर बसा. आणि समुद्रावर काही वर्षं काढलीत की तुमच्याच हातात खडू देतात.

जेफ्रीच्या हातातही दिला होता. उपनगरातल्या एका प्रशिक्षण केंद्रात तो आग विझवायला शिकवायचा. स्वयंपाकी असो की इंजिनवाला, जहाजावर चढण्याआधी प्रत्येकाला एक आठवडा त्याच्या हाताखालून जावं लागे. तीन दिवस वर्ग, शुक्रवारी परीक्षा.

आणि गुरुवारी धुराची खोली.

खोली कसली, लोखंडी डबाच. खिडकी नाही. आत जहाजातल्यासारखे अरुंद बोळ आणि पायऱ्या. यंत्रानं धूर सोडला की स्वतःचा हात दिसत नाही. आत जाणाऱ्याच्या तोंडाला मास्क, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक दाराबाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात.

आतून एक झटका आला तर अर्थ असा, मी ठीक आहे, तू आहेस ना? बाहेरच्यानं लगेच एक झटका परत द्यायचा. तीन झटके आले तर आतल्याला ओढून काढायचं.

जेफ्री पोरांकडून दोनच गोष्टी घोकून घ्यायचा. झटक्याला उत्तर द्यायचंच. आणि दुसऱ्यानं हातात घेतल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

त्यानं स्वतः सोडला होता.

तीन वर्षांपूर्वी तो ज्या जहाजावर होता तिथे खरी आग लागली. आत निहार गेला होता. विक्रोळीचा पोरगा, चोवीस वर्षांचा. दोर जेफ्रीच्या हातात होता. आतून एक झटका आला, जेफ्रीनं उत्तर दिलं. तेवढ्यात हुकूम आला की दार लावा, नाहीतर आग दारूगोळ्यापर्यंत जाईल.

त्यानं दोर सोडला आणि दार लावलं.

चौकशीत ठरलं की त्यानं योग्य तेच केलं. शंभरेक माणसं वाचली. तेव्हापासून जेफ्री रडला नाही, चिडला नाही, कशावर हसलाही नाही. त्याची बायको वेन्डी म्हणायची, ह्याला चिमटा काढला तरी कळत नाही.

तर त्या गुरुवारी आठ जण आत गेले आणि आठही बाहेर आले. आत जाताना प्रत्येकानं आपल्या नावाचा बिल्ला दाराजवळच्या फळीवर टांगायचा, बाहेर आल्यावर काढायचा. फळी रिकामी होती. पोरं चहाला गेली. जेफ्री एकटाच दोर गुंडाळायला लागला. शेवटच्या पोरानं दाराच्या आतच सोडलेलं दोराचं टोक अजून धुरातच होतं...

झटका आला.

एक.

डोक्यात काही शिरायच्या आत त्याच्या हातानं उत्तर दिलं. इतक्या वर्षांची सवय.

मग त्यानं फळी पाहिली. पंखा लावून धूर काढला आणि आत जाऊन बोळन् बोळ बघितला.

कुणी नव्हतं. दोर कुठे अडकलाही नव्हता.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. पोरं गेली की धूर विरेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं एकेक झटका... तीन कधीच नाहीत. त्याचा मदतनीस सौरभ, त्यानं एकदा दोर धरून पाहिला. त्याला काहीच जाणवलं नाही.

तुला भीती नाही वाटली, असं मी जेफ्रीला विचारलं. नाही म्हणाला. काहीच वाटलं नाही. फक्त उत्तर देत राहिलो, कारण उत्तर गेलं नाही तर आतल्याला वाटेल, बाहेर कुणी नाही.

मार्चमध्ये बढतीच्या कोर्सचं पत्र आलं. सहा महिने दक्षिणेत. ही संधी गेली की पुढे बढती नाही. वेन्डीनं तर तिकडच्या शाळांचीही चौकशी केली होती. जेफ्रीनं तिला सांगितलं, मी जाणार नाही. दोर धरायला कुणी नाही.

वेन्डीला सगळं तेव्हा कळलं.

"जेफ, तू एकदा आत जाऊन बघ ना," ती म्हणाली. "धूर असताना."

निहार गेल्यापासून जेफ्री धुरात शिरलाच नव्हता. नेहमी बाहेर उभा.

पुढच्या गुरुवारी पोरं गेल्यावर त्यानं मास्क लावला, दोर कमरेला बांधला, दुसरं टोक सौरभच्या हातात दिलं आणि आत गेला. भिंत चाचपत शेवटच्या बोळापर्यंत पोचला. हाताला गार लोखंड लागलं, दुसरं काही नाही. तो तिथेच बसला. मास्कमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येत होता...

त्यानं एक झटका दिला.

लगेच उत्तर आलं.

पुन्हा दिला. पुन्हा आलं. किती वेळ हे चाललं, त्याला सांगता येत नाही. शेवटी त्यानं तीन झटके दिले आणि दोर ओढला जाऊ लागला. न थांबता, न घाई करता. पायऱ्या आल्या, दार आलं.

बाहेर दोर कमरेच्या उंचीवर हवेत ताठ होता.

दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं...

मग दोर जमिनीवर पडला.

आवारातून सौरभ धावत येत होता.

"सॉरी सर. तुम्ही आत गेलात आणि साहेबांनी गेटवर बोलावलं. दोर खुंटीला अडकवून गेलो."

"किती वेळ झाला?"

"दहा-बारा मिनिटं असतील, सर."

जेफ्री त्याला रागावला नाही. त्यानं फळीवरचा आपला बिल्ला काढून खिशात टाकला. त्या दिवसानंतर झटके थांबले. तो कोर्सला गेला, पास झाला, बढतीही मिळाली.

"त्यानं सोडला नाही रे," जेफ्री मला म्हणाला.

मी म्हटलं, चांगलंच झालं, तू बाहेर आलास, आता विसरून जा.

"सगळे तेच म्हणतात," तो म्हणाला. "मला अजून बाहेर आल्यासारखं वाटत नाही."

एवढं बोलून त्यानं कमरेजवळ चिमटीत काहीतरी धरलं आणि हलकेच ओढलं. एकदा. तिथे काहीच नव्हतं.

तो वाट बघत राहिला. मग त्याचा शर्ट कमरेपाशी किंचित पुढे ओढला गेला आणि त्यानं समाधानानं मान हलवली.

मी चहा तसाच ठेवून उठलो. त्यानंतर त्याच्या घरी गेलेलो नाही.