निळं शरबत

भागीरथा हापशावरून पाण्याची कळशी घेऊन परतली, तोवर तेलंगणातल्या इचोड्याच्या बसस्टँडवर बोंब उठली होती. मडक्यातलं तिचं लिंबाचं शरबत निळंशार झालं होतं.

"इख घातलं कोणीतरी! पिऊ नका, मराल!" एक बाई ओरडली.

स्टँडचे कंट्रोलर सुधाकरराव धावत आले. "निर्मलले जाणारी गाडी सुटंपर्यंत सांग, कोणं केलं. नाही तं दुकान उचल. परत मांडाचं नाही."

भागीरथानं मडकं दोन्ही हातांनी धरलं. सुट्टी लागल्यापासून राबून मांडलेलं दुकान होतं ते. पण तेरा वर्षांची ही पोर गावाच्या हरवलेल्या कोंबड्या हुडकण्यात पटाईत. तिनं वास घेतला. इख कसलं, ही तर कपड्यांची नीळ!

जोडीला मावसभाऊ फकिरा होता, पैनगंगेपलीकडून, महाराष्ट्रातून कालच आलेला. वय नऊ, गडी जरा सावकाश.

"मी पाण्याले गेली तवा कोण आलतं रे?"

"एक डायवर. घोटभर घेतलं, तोंड वाकडं केलं. कायतरी बोलला, हात गरगर फिरवला अन् गेला." फकिराचा उजवा हात खिशातून निघेना.

फळीवर ड्रायव्हरचा अर्धा ग्लास तसाच होता. पिवळा.

भागीरथानं विचारलं तसे चहावाले वामनराव भडकले. "तुह्या शरबतापायी माहा चहा खपून नाही राह्यला, हे खरं. पण माहे हात पाहून घे!" हात चहानं तांबूस झालेले, निळे नव्हते.

शेजारच्या किराणावाल्या तुळजाबाईंनी हात झटकले. "नीळ तं अर्धा गाव नेते माह्याकडून. कोणाकोणाचं ध्यानात ठेवू?"

गाडीचं इंजिन घरघरू लागलं. भागीरथानं पळी मडक्यात फिरवली आणि एकदम थांबली.

"काका, समजलं! नासवणारा नीळ टाकून पळाला असता. यानं तं मन लावून घोटली, एक गुठळी नाही. म्हंजे त्याले वाटलं, आपण चांगलंच करून राह्यलो. अन् गिलास पिवळा, म्हंजे नीळ डायवर गेल्यावर पडली. आंबट लागलं तं तेलगू माणूस काय म्हणते?"

"'नीळ्ळू कलुपु.' पाणी मिसळ," सुधाकरराव म्हणाले आणि चमकले.

"तेलगू न येणाऱ्याले काय आयकू येईन? 'नीळ कालव'! फकिरा, हात काढ."

हात मनगटापर्यंत निळा. फकिराला रडू फुटलं. "मले वाटलं, इकडं निळंच पेतेत, म्हून शेजारून नीळ आणली. आता मले परत धाडशीन?"

भागीरथाचा राग कुठल्या कुठे पळाला. तिनं ओढणीनं तो हात पुसला. "नाही रे. एक शब्द न शिकवता तुले बसवलं, माहीच चूक."

सुधाकररावांना हसू आवरेना. दुकान राहिलं.

दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर आला. "नीळ्ळू," तो म्हणाला. फकिरानं मोठ्या ऐटीत त्याच्या ग्लासात पाणी ओतायला घेतलं.

"चालू, चालू," ड्रायव्हर म्हणाला.

फकिरा ओततच राहिला. पाणी ड्रायव्हरच्या चपलांवर आलं, तेव्हा भागीरथा किंचाळली, "अरे, तेलगूत चालू म्हंजे पुरे!"