संकासुराला नाव नसतं

माझी खाणावळ चिंचपोकळीला, रुळांच्या अंगाला असलेल्या चाळीत, तळमजल्यावर. एक खोली, वर पोटमाळा, मागे मोरी. गिरणीतले आमच्या गुहागरकडचे गडी जेवायला यायचे. मला भुताखेतांचं कौतुक सांगू नका. पहाटे चूल पेटवून दुपारपर्यंत भाकऱ्या थापणाऱ्या बाईला भूत बघायला सवड कुठली? डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगते. पटलं तर पटलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर जानेवारीत गोळीबार झाला, त्यानंतरचा तो शिमगा. त्याच्या आधी लालबागची सुंदराबाई मेली. तीही खाणावळवाली. गडी जेवून कामावर गेले आणि भरदुपारी कुणीतरी चुलीपाशीच तिचा गळा आवळला, सुताच्या दोरीनं. मग करी रोडची कमलाबाई. मग आमच्याच चाळीतली रमाबाई. तिच्या परातीत कालवलेलं पीठ तसंच होतं, आणि आमटी करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला म्हणून आम्हाला कळलं.

पोलीस आले, पंचनामा केला, गेले. त्यांना मोर्चे होते ना! पोरांची डोकी फोडायला गाड्या भरून शिपाई यायचे, खाणावळवालीसाठी एक मिळत नव्हता. आणि आमचे दादालोक तर विचारू नका. दारूबंदीचे दिवस, हातभट्टीवर दोन टोळ्या पोसलेल्या. इकडे दगडूदादाची, तिकडे रे रोडला राजारामची. कितीतरी खाणावळींच्या फडताळात त्यांच्या बाटल्या असायच्या. बाई मेली की दगडू म्हणणार राजारामनं मारली, राजाराम म्हणणार दगडूनं, आणि दोघांची माणसं नाक्यावर सुरे काढणार. बाईचं सुतक कुणाला? धंद्याचं होतं. मेल्यांनी रमाबाईच्या तेराव्यालासुद्धा आमच्या दारात मारामारी केली.

मला काळजी होती ती अंबिकाची. माझी धाकटी बहीण. माझा नवरा वारल्यावर हाताखाली कुणी नाही म्हणून मी तिला गावाहून आणलेली. तोंडाची फटकळ, पण हात असा चालायचा की मी चुलीपासून उठायच्या आत भांडी पालथी पडलेली असायची. तिच्याशिवाय मला रक्ताचं कुणी उरलं नव्हतं. रमाबाई गेली त्या दिवसापासून अंबिका मोरीत गेली तरी मी दाराबाहेर उभी राहायची. ती वैतागायची. "ताई, मी काय तान्ही आहे का गो?"

चाळीनं बैठक घेऊन ठरवलं की एकट्या बाईनं बाहेर पडायचं नाही. सोबतीला सीतारामभाऊ. बदली कामगार, काम लागत नव्हतं, एकटा जीव, बायकांशी बोलताना मान खाली. मेलेल्या तिन्ही बायकांना त्यानं खांदा दिला होता. दळण असो, बाजार असो, तो पिशवी घेऊन मागून चालायचा. "सीतारामभाऊ आहेत ना," असं म्हटलं की विषय संपायचा.

त्या साली संप-हरताळात रजा गेल्या, म्हणून गडी शिमग्याला गावी गेलेच नाहीत. चाळीतच खेळे काढले, सोंगं घेऊन नाचायचे. माझा दीर आनंदा आमच्या गावकरी मंडळाचा पुढारी. आमच्या खेळ्यांत संकासुर असतो. अंगभर काळे कपडे, उंच टोकाची काळी टोपी, तोंडावर काळा मुखवटा, त्याला पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात पिळाचा दोर. बायका त्याच्या हातात पोरं देतात, नवस बोलतात. तो बोलत नाही. आणि आत कोण आहे हे ठाऊक असलं तरी विचारायचं नाही, नाव घ्यायचं नाही. मुखवटा उतरवून नारळ वाढवेपर्यंत संकासुराला नाव नसतं.

शिमगा सरला, नारळ वाढवला, मुखवटा मंडळाच्या खोलीत खुंटीला गेला. आणि रंगपंचमी उलटल्यावर संकासुर पुन्हा दिसायला लागला.

भरदुपारी. आधी करी रोडला, कमलाबाईच्या बंद दारापुढे. मग लालबागला. दगडूचा एक माणूस एका खाणावळवालीला बाटल्यांवरून दमदाटी करत होता, त्याचा हात संकासुरानं असा पिरगळला की तो हात पुढे कामाचा राहिलाच नाही. राजारामचा एकजण सुरा काढून अंगावर गेला आणि काय बघितलं कुणास ठाऊक, सुरा टाकून पळाला. चाळीत छात्या फुगल्या. आपल्यातलाच कुणी मर्द खुन्याला हुडकतोय! सगळे एकमेकांकडे बघून मिशीत हसायचे. विचारलं मात्र कुणीच नाही. रीतच नव्हती. मला वाटायचं, आनंदा. त्याला वेगळी भाकरी वाढायची मी, तुपाचं बोट लावून.

एकदा संकासुर माझ्या दारात आला. सीतारामभाऊ उंबऱ्यावर बसले होते, अंबिकाला दळणाला न्यायला. तो त्यांच्या अगदी पाठीशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, चला, दोन राखणदार झाले.

अंबिका म्हणाली, "ये रे संकासुरा, बांगडा तळलाय."

तो हलला नाही. मग वळून गेला. कमरेची घुंगरं हलताना दिसत होती, पण आवाज नव्हता. कापूस कोंबला असेल, मी मनाशी म्हटलं. आनंदा डोकेबाज आहे.

"ताई," अंबिका हळूच म्हणाली, "एवढ्या उन्हात काळे कपडे, आणि ह्याला घामाचा वास नाही गो."

"गप. माणसाच्या अंगाचे वास काय घेतेस?" मी डाफरले.

नंतरच्या हरताळाला गिरण्या बंद होत्या. आदल्या दिवशीच्या लाठीमारात आमच्यातल्या रामूचं डोकं फुटलेलं, तो परळच्या इस्पितळात. त्याला पेज आणि मासळीचं कालवण घेऊन अंबिका निघाली.

"लवकर ये गो."

"येते. सीतारामभाऊ आहेत ना!"

हरताळामुळे सगळे गडी एकदमच जेवायला बसले. पंगत भिंतीला लागली. सीतारामभाऊ उशिरा आले, एकटे. मोरीत बराच वेळ हातपाय धुतले आणि शेवटच्या पानावर बसले.

"अंबिका?" मी विचारलं.

"रामूला ताप भरलाय. बसलीय उशाशी. संध्याकाळी जातो आणायला."

मी भात वाढला, वर आमटी घातली. त्यांनी आणखी मागितली.

तेवढ्यात दारातला उजेड गेला.

संकासुर आत आला. आमच्या खोलीत त्याची टोपी तुळईला लागत होती. पंगतीच्या मागून तो एकेका पाठीशी थांबत चालला. गड्यांनी आधी थट्टा केली, कुणी म्हणालं, "पान मांडा रे देवाला." मग थट्टा विरली. शेवटच्या पानाशी तो थांबला तो थांबलाच.

हातातला दोर त्यानं सीतारामभाऊंच्या खांद्यावर ठेवला. पिळाचा नव्हता. सुताचा होता, बारीक.

सीतारामभाऊंचा घास हातात राहिला. वर न बघता ते म्हणाले, "आनंदा, पुरे झालं. काढ ते तोंडावरचं."

"भाऊ," पंगतीच्या मधून आनंदा म्हणाला, "मी इथं बसलोय."

मी पंगतीवरून नजर फिरवली. खेळ्यातले सगळे समोर होते. सगळ्यांच्या हाताला भात लागलेला.

आनंदा माझ्याकडे बघून कुजबुजला, "वैनी, मला वाटायचं हा सीतारामच."

"अंबिका कुठाय?" मी सीतारामवर ओरडले. "खरं बोल, अंबिका कुठाय?"

"सांगितलं ना, इस्पितळात," तो म्हणाला.

मग तो उठला. खरकट्या हातानं दाराकडे चालायला लागला. संकासुर त्याच्या मागे. आणि घुंगरं वाजली, पहिल्यांदाच.

एवढे बापे पंगतीला. एकजण उठला नाही.

मी आनंदाला दंडाला धरून उभा केला आणि परळला पिटाळला.

सीताराम दुसऱ्या दिवशी रे रोडला लाकडाच्या वखारीत सापडला. डोळे उघडे, अंगावर ओरखडा नाही. दगडू म्हणाला राजारामनं मारला, राजाराम म्हणाला दगडूनं, आणि त्यापायी आणखी माणसं कापली गेली. जाऊ दे. मला त्यांचं काही देणंघेणं नाही.

त्या पंगतीच्या दुपारीच, आनंदा परळहून यायची वाट बघत मला घरात बसवेना. मी मंडळाच्या खोलीत गेले. दाराला बाहेरून कडी होती. मुखवटा खुंटीला होता, हलत होता. बाईनं त्याला हात लावायचा नाही अशी रीत आहे. मी लावला. उलटा केला.

आत, कपाळ टेकतं तिथं, खुणा होत्या. रुपयाएवढं वाळलेलं कुंकू, तेवढं मोठं फक्त सुंदराबाई लावायची. त्याच्या बाजूला काळ्या बुक्क्याचं बोट. कमलाबाई विधवा होती. मग रमाबाईचा बारीक ठिपका.

आम्ही सगळ्यांनी आत कोण पुरुष आहे तेवढंच मोजलं होतं.

त्याखाली आणखी एक होती. उभी चिरी, काडीनं ओढलेली. आमच्या चाळीत अशी चिरी एकटी अंबिका काढायची.

मी बोट लावलं. बोटाला ओलं कुंकू आलं.

मागे चपला वाजल्या. आनंदा दारात येऊन उभा राहिला.

"सांगू नकोस," मी म्हटलं.

मुखवटा मी पोटाशी धरला. आतून तो गरम होता.