आवाज कमी करायची खूण

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्या मशीनची पिन भिंतीतून ओढून काढली होती.

झालं असं, की ताईच्या लग्नासाठी हॉल बघायला बाबा आणि मी दुपारचे गेलो होतो. हॉल रिकामाच होता. एका टोकाला माणसाएवढे उंच दोन स्पीकर उभे होते आणि कुणीतरी संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी आवाज तपासत होतं. मी मॅनेजरशी खुर्च्यांचं बोलत होते. वळून बघते तर बाबा थेट स्पीकरसमोर उभे, डोळे मिटून, पायाने ताल धरून. एकेक ठोका माझ्याच बरगड्यांत वाजत होता, मग बाबांच्या छातीत काय होत असेल? माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत गेले, वायरचा माग काढला आणि पिन ओढली.

हॉल एकदम शांत झाला. टेबलाखालून एक डोकं वर आलं. गळ्यात हेडफोन, नाकावर तिरका चष्मा.

"गाणं आवडलं नाही… की मी?"

"आवाज," मी म्हणाले. पिन अजून माझ्या हातातच होती.

"आवाज सांगूनही कमी होतो. त्यासाठी बटण असतं माझ्याकडे."

तेवढ्यात बाबा आले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ठरलं. ताईच्या लग्नाला हेच गाणीवाले."

आता माझी भीती सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला वेडी म्हणाल. गेल्या वर्षी बाबा स्वयंपाकघरात कोसळले होते. घरात मी एकटीच. आई आमच्या लहानपणीच गेलेली, ताई तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, ते नीट बरे झाले, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, "यांना चालू द्या, जिने चढू द्या, नाचले तरी हरकत नाही." बाबांनी ते ऐकलं. मी नाही ऐकलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागले होते. बाबा आंघोळीला गेले की मी दाराबाहेर उभी. बाबा झोपले की मी त्यांच्या श्वासाला कान लावून. आणि या माणसाला मुलीच्या लग्नात डीजे लावून नाचायचं होतं.

दोन दिवसांनी मी बाबांना न सांगता गाणीवाल्यांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, लांबट अरुंद खोली. दोन्ही बाजूंना काळे खोके, खिळ्यांना वायरींची वेटोळी, एक स्टूल. ते त्याने मला दिलं आणि स्वतः स्पीकरवर बसला.

"आज काय उपटायला आलात?"

"अटी सांगायला आलेय," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, स्वयंपाकघर, सगळं. त्याने चेष्टा थांबवली.

"त्यांची खुर्ची स्पीकरपासून लांब ठेवू," तो म्हणाला. "स्पीकरची तोंडंही दुसरीकडे फिरवतो. पण नाचायला आले तर?"

"तर तुम्ही आवाज कमी करायचा. संथ गाणं लावायचं. लोक आपोआप बसतील ना?"

"बसतील. पण मला कळणार कसं? तुम्ही हॉलच्या त्या टोकाला असणार. पुन्हा पिन ओढणार का?"

मग खूण ठरली. मी कानामागे केस सारले, की त्याने आवाज उतरवायचा. कुणाला संशय येणार नाही, तो म्हणाला. बोलताना त्याचा चष्मा सारखा घसरत होता. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. वाकडा चष्मा बघितला की माझे हात शिवशिवतात.

"द्या इकडे," मी म्हणाले. "हेडफोनच्या दाबाने काडी वाकलीय."

त्याने निमूट चष्मा काढून दिला. मी काडी सरळ केली, काचा ओढणीने पुसल्या आणि… काय झालं होतं मला कुणास ठाऊक, हातात द्यायचा सोडून मी तो त्याच्या नाकावर चढवला. बोटं त्याच्या कानाला लागली. कान गरम होते.

"आता नीट दिसतंय," तो हळूच म्हणाला. तो वायरींकडे बघत नव्हता.

त्यानंतर त्याचे फोन येऊ लागले. आधी कामाचे. बाबांना कुठली गाणी आवडतात, ताई कुठल्या गाण्यावर येणार. मग बिनकामाचे. "आज जेवलात का, हे विचारायला डीजे फोन करतात का सगळ्यांना?" मी विचारलं. "नाही. ही जादा सेवा आहे," तो म्हणाला. मी हसले आणि फोन ठेवला. बाबांची भीती होतीच, आता त्यात ही दुसरी. लग्न झालं की याचं काम संपणार. मग फोन कशाला येईल?

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारचा समारंभ, हॉल भरलेला, ताई अशी सुंदर दिसत होती की मी दोनदा रडले. बाबा लांबच्या खुर्चीत नव्या कोटात बसले होते आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला तो मशीनमागे उभा होता. नाच सुरू झाला. मी जीव मुठीत धरून बाबांकडे बघत होते.

बाबा खोकले, गाणं मंद झालं. बाबा उभे राहिले, पुन्हा मंद. बाबा फक्त पाणी प्यायला गेले तरी नाचणारे आपापल्या जागी घुटमळले. मला वाटलं, मशीन बिघडलं असावं. नाचात रंग भरला की गाणं झोपी जायचं. पाहुणे एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी नवरदेवाचे काका तरातरा मशीनपाशी गेले. त्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला, "लग्नाला आलोय की आजाऱ्याला भेटायला? पुन्हा असं झालं तर सामान उचला आणि चालू पडा." तो मान खाली घालून ऐकत राहिला.

ताई माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुझं आणि त्याचं काय चाललंय?"

"कुठे काय?"

"मघापासून बघतेय. तू केस मागे घेतेस आणि माझ्या लग्नातलं गाणं मरतं."

माझा हात कानापाशीच होता. तेव्हा कळलं. घाबरले की मी केस मागे सारते. लहानपणापासूनची सवय आहे, आणि खूण म्हणून मी नेमकी तीच निवडली होती. माझी भीतीच सगळ्या हॉलचा आवाज कमी करत होती.

मी ताईला अटीचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने माझा हात घट्ट धरला. "बाबा वर्षभर या दिवसाची वाट बघतायत," ती म्हणाली. "तू त्यांना जपतेस की कोंडतेस, एकदा बघ तरी." आणि ती नाचायला गेली.

बाबा तिला बघून उठले. कोटाची बटणं काढत थेट गर्दीत शिरले. हॉलच्या त्या टोकाकडून त्याने माझ्याकडे बघितलं. हात बटणावर, नजर माझ्यावर. काकांनी दम दिला होता, तरी मी खूण केली असती तर त्याने आवाज उतरवला असता, हे मला लख्ख दिसत होतं.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

गाणं चढलं. ठोका फरशीतून माझ्या तळपायांत येत होता. बाबा हात वर करून नाचत होते, ताई त्यांच्याभोवती गिरक्या घेत होती, नवरदेवाचे काकासुद्धा आले. मला श्वास घेता येत नव्हता. स्वयंपाकघराची ती फरशी दिसत होती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, माझं मन तर एकेका ठोक्याला बाबांना पाडत होतं. आणि मग बाबा खरंच थांबले. वाकले. एक हात गुडघ्यावर, दुसरा छातीवर.

मी कशी पोहोचले मला आठवत नाही. "बाबा, बाबा" एवढंच तोंडातून येत होतं. त्यांनी मान वर केली. घामाने निथळत होते आणि हसत होते.

"दम लागला गं. साठीचा झालो मी."

त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. "बघ." ठोके पळत होते. मी रडत होते, ते माझ्या डोक्यावर थोपटत होते. हळूहळू ठोके चालायला लागले. मग निवांत झाले.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "त्याला पळता येतं, थांबताही येतं. आता तूही जरा दम घे बाळा."

ऊन कलताना हॉल रिकामा झाला. ताईला निरोप देऊन मी परत आत आले. तो वायर गुंडाळत होता. हाताच्या कोपराभोवती, एकसारखे वेढे.

"माफ करा," मी म्हणाले. "ती खूण नव्हती. म्हणजे, एकदाही नव्हती. मला सवय आहे."

"माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच कळलं."

"मग तरी आवाज कमी करत राहिलात? काकांच्या शिव्या खाल्ल्यात."

त्याने आणखी एक वेढा घातला. "आवाज कमी केला की तुमचे खांदे खाली यायचे," तो म्हणाला. "मला तेवढं… तेवढं बघायचं असायचं."

माझं काळीज असं धडधडायला लागलं की तो सगळा हॉल त्याला अपुरा पडला असता. नको बोलूस, भीती म्हणाली. हसेल, नाही म्हणेल, उद्यापासून फोन येणार नाही.

"मी फार घाबरट आहे," मी म्हणाले. "हे दुखणं बरं होईल असं वाटत नाही. आणि मला तुम्ही आवडता. उद्या फोन आला नाही तर काय, या भीतीने मी गेले आठ-दहा दिवस नीट झोपले नाहीये."

त्याच्या हातातली वायर सुटली. गुंडाळलेले सगळे वेढे फरशीवर पसरले.

"घाबरट राहा की," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज कापत होता. "मी तर दुकानातल्या त्या दिवसापासून घाबरलोय."

मग आम्ही दोघं फरशीवर बसून वायर गुंडाळू लागलो. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. आम्ही काय काय बोललो ते मी सांगणार नाही. बाहेर अंधारून आलं होतं. बाबा मघापासून हॉलच्या पायऱ्यांवर एकटेच बसून होते, आणि मला त्यांची आठवण व्हायला बराच वेळ लागला.