'रेडी'ची गुलाबी चिठ्ठी

मास्तरांना जायचं होतं शेजारच्या वह्यांच्या दुकानात, शिरले लाँड्रीत. कोटाच्या खिशात पेन गळत होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"आधी कोट काढा," काउंटरमागची मुलगी म्हणाली. "नाव-गाव मागून सांगा."

लाँड्री तिच्या आत्याची. तिथली रीत अशी, की इस्त्री झालेल्या कपड्याला 'रेडी'ची गुलाबी चिठ्ठी टाचायची. एकदा चिठ्ठी लागली की कपडा ज्याचा त्याला द्यायचा, अडकवून ठेवायचा नाही.

मास्तर इंग्रजी शिकवायचे. दुसऱ्या दिवशी आले ते चिठ्ठ्यांकडे बघतच. "रेडी म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"कपडा झाला."

"तेवढंच नाही. बूट घालून दारात उभा असलेला माणूस रेडी. हाकेसरशी मदतीला धावणारा, तोही रेडी. आणि तुमचं हे झटकन उत्तर देणं... तेही रेडीच."

"असेल. पण तुमचा कोट नाही झाला रेडी. डाग हट्टी आहे."

डाग कधीच गेला होता. कोट मागच्या दोरीवर, चादरीआड, चिठ्ठीसकट लटकत होता. पण दिला, की हा माणूस इकडे कशाला फिरकणार?

मग मास्तर रोज संध्याकाळी यायचे, त्या शब्दाचं एखादं नवं वाक्य सांगून जायचे. ती दिवसभर ते पुटपुटत इस्त्री फिरवायची, आणि पाच वाजले की डोळे दाराकडे.

"अगं, कोट धुतेयस की विणतेयस?" आत्या म्हणायची.

नवव्या दिवशी मास्तर बसलेच नाहीत. "उद्या निघतोय. लांबच्या शाळेत नोकरी लागलीय... दोन वर्षांची."

तिनं कोट आणून दिला. चिठ्ठीचा रंग उडाला होता.

"खोटं बोलले मी. पहिल्याच दिवशी झाला होता."

"माहीत आहे. तिसऱ्या दिवशी चादर सरकली, तेव्हा दिसला."

"मग मागितला का नाही?"

"मागितला असता तर... चौथ्या दिवशी कोणत्या तोंडानं आलो असतो?"

मास्तरांनी अंगातला स्वेटर काढून काउंटरवर ठेवला.

"हा धुवायचाय. घाई नाही. परत आलो की मीच न्यायला येईन... चालेल?"

तिनं पावती पुढे सरकवली. "तारीख लिहा. मला अंदाजानं वाट बघता येत नाही."

त्यांनी लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वेटर धुऊन, वाळून, घडी घालून झाला. आत्यानं गुलाबी चिठ्ठी हातात दिली. "लाव की."

"नको आत्या," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. "चिठ्ठी लावली, की ठेवून घेता येत नाही."