वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. यात अमावास्या नाही, स्मशान नाही. वाघोलीतली साधी सोसायटी, मागचा मे महिना आणि भर दुपार.

मुक्ताई माझी धाकटी बहीण. तिचे यजमान महिपती कारखान्यातून निवृत्त झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले. तिथे पाणी टँकरचं. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक घराला वेगळी लाइन, प्रत्येक लाइनला व्हॉल्व्ह. गच्चीची किल्ली महिपतींकडे.

त्यांच्या वरच्या घरात हनान राहायची. येमेनची मुलगी, फार्मसी शिकायला आलेली. मोडकंतोडकं मराठी बोलायची. मीटिंगमध्ये तिने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, भाडेकरूला पाणी कमी का?"

"एवढ्या लांबून आलात, येताना समुद्र आणायचा होता," महिपती म्हणाले.

सगळे हसले. ती हसली नाही.

तेव्हापासून तिच्या नळाला कधी पाणी, कधी नुसती हवा. मग तेही बंद.

एका दुपारी ती कॅन घेऊन दारात आली. टँकर नुकताच आला होता. ताजं पाणी भरायचं म्हणून मुक्ताई हंड्यातलं कालचं पाणी ओतून देत होती.

"मावशी, हे द्या ना."

"अगं, शिळं आहे ते. दारात आलेल्याला शिळं देतात होय? थांब, ताजं भरते."

मुलीचे ओठ फुटले होते. अंगात ताप असावा.

आतून महिपती ओरडले, "आज हिला देशील, उद्या अख्खी बिल्डिंग दारात. दार लाव ते."

मुक्ताईने दार लावलं.

हनानला उलट्या-जुलाब सुरू होते. सोबतची मुलगी सुट्टीत गावी गेलेली. काही दिवसांनी ती परत आली, कुलूप उघडलं, आणि तिची किंकाळी साऱ्या जिन्यात घुमली.

हनान ओट्याजवळ पडली होती. वर नळ पूर्ण उघडा...

कोरडा.

सगळे तिकडे धावले. महिपती मात्र गच्चीकडे धावले. पोलीस आले तेव्हा तो नळ धो धो वाहत होता. 'घरात पाणी चालू' अशी पंचनाम्यात नोंद झाली. 'नळ कोरडा होता' म्हणून रडणाऱ्या मुलीचं कोण ऐकतंय?

मुक्ताईने नवऱ्याला गच्चीवरून उतरताना पाहिलं होतं. ती गप्प राहिली.

हनानचा मृतदेह तिच्या देशी नेला. वरच्या घराला कुलूप लागलं.

मग एका दुपारी जेवताना महिपतींनी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"रिकामा पेला देतेस?"

"आत्ताच तर भरला, अहो."

पेला खरंच रिकामा होता. ताटाभोवती ओल नाही. त्यांचे ओठही कोरडे.

तिने पुन्हा भरला. त्यांनी ओठाला लावला...

आणि वरच्या बंद घरातून आवाज आला.

घट... घट... घट...

कुणीतरी खूप तहानलेलं पाणी पीत होतं.

महिपती नळाखाली तोंड धरून बसले. धार थांबली. मुक्ताईने हात धरला, धार सुरू झाली. त्यांनी तोंड नेलं, थांबली. कलिंगड आणलं. तिच्या हातात रसरशीत असलेली फोड त्यांच्या जिभेवर भुशासारखी झाली.

दोन दिवस हेच, आणि प्रत्येक वेळी वरून तोच आवाज.

"अहो, पोलिसांना खरं सांगून टाका," मुक्ताई म्हणाली. "तुम्ही व्हॉल्व्ह कधी उघडलात ते सांगा. ती तेवढ्यासाठीच अडून बसलीय."

"काय सांगू? पंचनाम्यात लिहिलंय, पाणी चालू होतं."

जीभ सुजून शब्द नीट फुटत नव्हते, तरी त्यांनी हेच सांगितलं.

शेवटी तीच वर गेली. बंद दारापुढे उभं राहून म्हणाली, "पोरी, मी पाहिलं होतं. मी सांगते सगळ्यांना. त्यांना सोड."

आतला आवाज थांबला.

मुक्ताईला वाटलं, ऐकलं तिने.

मग दाराच्या अगदी पलीकडून, कानाशी बोलावं तसं, कुणीतरी हळूच म्हणालं...

"थांबा, मावशी. ताजं भरते."

ती धावत खाली आली. महिपती नळापाशी पडले होते. बादली काठोकाठ भरलेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि चादर वर ओढली. मग मुक्ताईकडे वळले.

"बाई, घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"मग यांचं पाणी कुणी तोडलं होतं?"

तिने सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, गच्ची, पंचनामा, सगळं. डॉक्टरांनी मान हलवली, वेड्या माणसापुढे हलवतात तशी, आणि फोन उचलला.

चौकशी झाली. सिद्ध काहीच झालं नाही. पण वाघोलीत तिला आजही नवऱ्याला तहानेने मारणारी बाई म्हणतात. मी तिला कात्रजला माझ्याकडे घेऊन आलो.

इथे पाण्याला तोटा नाही. तरी जेवताना मी तांब्या पुढे केला, की ती हात लावत नाही. आधी दाराकडे बघते... आणि हलक्या आवाजात विचारते,

"पिऊ का?"

ती मला विचारत नसते, एवढं मला कळतं.

कधी कधी ती तांब्या तसाच ठेवून उठते. तेव्हा नाही म्हणणारं कोण असतं, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.