चाटलेली भिंत

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवावा? डॉक्टरवर, की आपल्या डोळ्यांवर? अनंताला विचाराल, तर तो दोघांनाही उधार द्यायचा नाही. घाटकोपरला त्याची चुन्याची वखार. चिमूटभर चुना जिभेवर ठेवून भेसळ ओळखणारा गडी.

पंचावन्न सालची गोष्ट. त्याच्या थोरल्या भावाचा, मार्तंडचा, घशाचा कॅन्सर थायरॉइडपर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, थायरॉइड काढली, आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथीही गेल्या.

"रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळायच्या," डॉक्टर म्हणाले. "आता तुम्ही सांभाळा. बोटांना मुंग्या आल्या, हात वळला, की ही पूड पाण्यातून द्यायची. हयगय केलीत, तर श्वास अडकेल."

"म्हणजे चुनाच की! घरचाच धंदा," अनंत म्हणाला होता.

मार्तंडला घरी आणल्यावर एका दुपारी जानकीवहिनी नवी पूड आणायला परळला निघाली. "भाऊजी, गप्पा मारत बसू नका हं. त्यांना उत्तर देता येत नाही."

"बरंय ना! जन्मात पहिल्यांदा दादा माझं ऐकून घेईल."

मार्तंड हसला. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फसफसली.

उन्हं कलली आणि मार्तंडची बोटं वळू लागली, चोचीसारखी एकत्र. अनंताने पेला पाजला. बोटं सुटेनात. दुसरा पाजला. आता मनगटही वाकलं. खोलीत ओल्या चुन्याचा वास दाटला, आणि कुठूनसा आवाज आला... चप्... चप्... मांजर दूध पितं तसा.

आवाज भिंतीतून येत होता.

दादा घरी येणार म्हणून अनंताने स्वतः त्या भिंतीला सफेदी केली होती. पोपडे कसे निघतात ते त्याला पाठ. हे पोपडे नव्हते. जिभेच्या रुंदीचे ओले पट्टे होते, आत वीट दिसत होती. आणि तेही दाराच्या चौकटीच्या वर.

"दादा... तू नाहीस ना?"

मार्तंडने नकारार्थी मान हलवली. वाकड्या मुठीत पेन्सिल दाबून पाटीवर खरडलं: 'इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा. त्याचंही हेच ऑपरेशन. पूड मागत मेला. माझ्यातली पितो.'

मार्तंडचा श्वास आता शिट्टीसारखा वाजू लागला. पूड उरली होती एकाच पेल्यापुरती. वहिनीचा पत्ता नाही. अनंताने वखारीतल्या सवयीने दोन पेल्यांत ती अगदी समसमान वाटली. एक भिंतीपाशी ठेवला.

"घ्या, पाहुणे... पण त्याच्यातली नको..."

आणि पाठ फिरवली.

चप्... चप्... मग थांबलं.

दुसरा पेला त्याने भावाच्या ओठांना लावला. घोटागणिक मार्तंडचं एकेक बोट उलगडत गेलं.

दिवेलागणीला वहिनी परतली. "भाऊजी, भिंतीशी हा पेला कुणाचा?"

"माझाच."

तिने कंदील खाली धरला. "आणि हे हो काय?"

जमिनीपासून हातभर उंचीवर एक नवा पट्टा होता. ओला. इवल्याशा जिभेचा. पाहुणा एकटा आला नव्हता.

तेव्हा मंडळी, एवढं ऐका. घरात असं दुखणं असेल, तर औषधाचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा. किती पाजलं ते मांडा, आणि कुणाकुणाला, तेही मांडा.